सायीखाली मुरणारी वाइन

वाइनसाठी फ्रान्सला जाणारा प्रवासी बहुधा बोर्दो किंवा बर्गंडीची वाट धरतो. बर्गंडीची नावाजलेली गावे मागे टाकून पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या दिशेने सरकले की सपाट प्रदेश संपतो आणि ज्युराचे डोंगर सुरू होतात. तिकडे फारसे कोणी वळत नाही. याच डोंगरांच्या पहिल्या पायरीवर, चुनखडीच्या एका उंच कड्यावर, शातो-शालों हे गाव वसले आहे. वस्ती दोनशेच्याही आत. अरुंद गल्ल्या, दगडी घरे, एक जुने चर्च आणि कड्याखाली सेय नदीच्या खोऱ्याकडे उतरत गेलेले द्राक्षमळे. फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत येथे ख्रिस्ती साध्वींचा मठ होता.

एकेकाळी ज्युरात सुमारे २०,००० हेक्टरवर द्राक्षाची लागवड होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या किडीने वेलींची मुळे खाल्ली, मळे उजाड झाले. आज तेथे २,००० हेक्टरच्या आसपास मळे उरले आहेत. त्यात शातो-शालोंच्या नावाने वाइन करण्याचा हक्क असलेली जमीन जेमतेम ५० हेक्टर. एवढीशी वाइन जगाच्या बाजारात हरवून जावी, यात नवल नाही.

पण ही वाइन साधी नाही. साव्हान्यां नावाच्या पांढऱ्या द्राक्षापासून ती होते. द्राक्षे उशिरा, पूर्ण पिकल्यावर तोडतात. रस आंबून वाइन तयार झाली की ती ओकच्या जुन्या पिंपांत भरतात. इतरत्र पिंपातली वाइन हळूहळू उडून जाते तसतशी वरून भर घालतात; हवा लागली की वाइन बिघडते, हा सगळीकडचा नियम. शातो-शालोंमध्ये मात्र भर घालतच नाहीत. पिंपात जागा रिकामी होते आणि वाइनवर यीस्टचा पातळ पांढरा थर धरू लागतो, दुधावर साय धरावी तसा. आपल्याकडे लोणच्यावर असा पांढरा थर दिसला की गृहिणीच्या काळजात धस्स होते. इथला वाइनवाला त्याचीच वाट पाहतो. हा थर वाइनला हवेपासून जपतो आणि तिला चवही देतो.

पिंपातला मुक्काम सहा वर्षांहून अधिक. सुगीनंतरच्या सहाव्या वर्षाचा डिसेंबर अर्धा सरेपर्यंत ही वाइन बाटलीत भरायची नाही, असा कायदाच आहे. तोवर अधूनमधून नमुना काढून तपासायचा आणि वाट पाहायची. एखाद्या पिंपातली साय मोडते, वाइन शिरक्याच्या वाटेला लागते आणि काही वर्षांची मेहनत वाया जाते. जे पिंप टिकते त्यातलीही बरीच वाइन उडून गेलेली असते. एका लिटरमागे हाती राहते ती सुमारे ६२ सेंटिलिटर. म्हणूनच तिची बाटलीही तेवढ्याच मापाची, बुटकी आणि रुंद खांद्यांची असते. तिला क्लाव्हलां म्हणतात.

जुनी बाटली प्यायच्या काही तास आधी उघडून ठेवायची, फार थंड करायची नाही, असा रिवाज आहे. पेल्यात ओतली की रंग सोनेरी पिवळा. म्हणून तर तिचे नावच ‘पिवळी वाइन’. गोडवा शोधणाऱ्याची पहिल्या घोटाला निराशा होते, कारण ती अगदी कोरडी असते. मग अक्रोड, सुकी फळे आणि मागाहून मसाल्याचा दरवळ येतो. मराठी नाकाला हा वास ओळखीचा वाटला, तर तो भास नव्हे. या वाइनमध्ये सोटोलॉन नावाचे द्रव्य असते, आणि मेथीच्या दाण्यांचा वासही त्याच द्रव्याचा! सोबतीला त्याच डोंगरातले कोंते चीज आणि मूठभर अक्रोड. घोट गिळल्यावरही चव कितीतरी वेळ जिभेवर रेंगाळते.

हिचे आयुष्यही दांडगे. जवळच्या आर्ब्वा गावात लुई पाश्चरचे बालपण गेले आणि पुढे तेथेच त्याने वाइनच्या रोगांचा अभ्यास केला. त्याच आर्ब्वाच्या १७७४ सालच्या पिवळ्या वाइनची एक बाटली २०१८ मध्ये लिलावात एक लाख युरोंहून अधिक किमतीला गेली.

शातो-शालोंची खरी प्रतिष्ठा मात्र लिलावात नाही. दरवर्षी तोडणीआधी एक समिती मळ्यांतून फिरते. द्राक्षे पुरेशी पिकली नसतील, तर त्या वर्षी गावाचे नाव लावायचे नाही. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या चार वर्षी उत्पादकांनी आपण होऊन ते नाव सोडले. द्राक्षे वाया गेली नाहीत. त्यांची वाइन साध्या नावाने, कमी भावात विकली गेली. छोट्या गावाला हा तोटा सोसणे सोपे नसते. पण आजही तिथल्या जुन्या बाटल्यांवरची साले ओळीने वाचत गेले, तर २००० च्या शेजारी थेट २००२ येते.