किल्ला नसलेलं शिखर

सह्याद्रीत जरा उंच जागा दिसली की माणसानं तिथे किल्ला बांधलाच. साल्हेरवर बांधला, हरिश्चंद्रगडावर बांधला. कळसूबाईच्या रांगेतच अलंग, मदन आणि कुलंग कातळात टाकी खोदून उभे आहेत. या सगळ्यांहून उंच असलेलं कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर मात्र मोकळंच राहिलं. तिथे तट नाही, बुरूज नाही. माथा एवढा अरुंद की शिबंदी ठेवणार कुठे? आहे ते देवीचं लहानसं देऊळ, दोनचार माणसं आत गेली की भरून जाणारं. राज्यातली सर्वांत उंच जागा कुठल्याही राजाच्या नावावर लागली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणूनच कळसूबाईला कुणी ‘महाराष्ट्राचं एव्हरेस्ट’ म्हटलं की मन खट्टू होतं. हिमालयातल्या त्या शिखराला १८६५ साली सर्वेक्षण खात्याच्या एका निवृत्त प्रमुखाचं नाव दिलं गेलं, आणि खुद्द जॉर्ज एव्हरेस्ट यांनीच त्याला हरकत घेतली होती. चोमोलुंग्मा हे तिथल्या माणसांचं नाव नकाशात मागे पडलं. आपल्या शिखराचं नाव मुळातच इथल्या माणसांनी ठेवलेलं आहे, आणि तेही एका कष्टकरी पोरीचं.

कळसू ही कोळ्याची मुलगी, रानावनात रमणारी. पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. एके दिवशी घरी पाहुणे आले आणि कुणीतरी तिला नेमकी तीच कामं सांगितली. तिनं ती केली, मुकाट्यानं केली, आणि उठून डोंगर चढून गेली ती कायमची. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. या कथेत चमत्कार नाही, राक्षस नाही, शाप नाही. दिलेला शब्द मोडला गेला, एवढंच घडतं. तेवढ्यावर एका मुलीची देवी झाली आणि डोंगराला तिचं नाव मिळालं.

बारी गावातून वर निघालं की भातखाचरं मागे पडतात आणि डोंगराची घडण पायांना कळू लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यातून हा सारा मुलूख तयार झाला. मऊ थर झिजले तिथे सपाटी आली. कठीण थरांचे कडे ताठ उभे राहिले. लोखंडी शिड्या नेमक्या या कड्यांना लावल्या आहेत. श्रावणात शिडीचा कठडा हाताला बर्फासारखा लागतो, त्याच्या खालच्या अंगाला थेंबांची माळ लोंबत असते, वारा ती पुसून टाकतो आणि ती पुन्हा भरते. समोरची पायरी दिसते, तिच्यापुढे सगळं पांढरं. भर उन्हाळ्यात तोच कठडा धरवत नाही.

अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतो, थंड होतो आणि पाऊस पाडतो. कोकणकड्यावरच्या घाटघरला अहिल्यानगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगीच नाही. पूर्वेकडे सरकावं तसा हा पाऊस विरत जातो आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाथर्डी, जामखेडला माणसं ढगांकडे डोळे लावून बसतात. रांगेच्या उत्तर उतारावरचं पाणी दारणेच्या खोऱ्यात जातं, दक्षिणेकडचं प्रवरेच्या. शेवटी दोन्ही गोदावरीलाच मिळतात. प्रवरेचं पाणी वाटेत भंडारदऱ्याला अडतं. १९२६ साली पुऱ्या झालेल्या या दगडी धरणाच्या पाण्यावर राहात्या-श्रीरामपूरकडे ऊस डोलतो.

आणि एवढा पाऊस डोक्यावर घेणाऱ्या इथल्या वाड्यांमध्ये चैत्र-वैशाखात हंडे रिकामे असतात. या कातळात पाणी मुरत नाही. उतारावरून येतं तसं निघून जातं. बायका डोक्यावर हंडे घेऊन झरा गाठतात, वाटीनं पाणी भरतात. मला हे टोचतं. भांड्यांवरून रुसून गेलेल्या मुलीच्या पायथ्याशी आजही भांडी वाहायचं काम बायांच्याच वाट्याला आहे.

नवरात्रात मात्र याच बायका खण-नारळ घेऊन वर येतात. पाऊस ओसरलेला, उतारावर सोनकीचा पिवळा रंग रेंगाळलेला. अशाच एका यात्रेत शिडीच्या वर एक आजीबाई टेकल्या होत्या, नऊवारीचा काचा मारलेला, पाय अनवाणी.

“आजी, दर वर्षी येता?”

“येयाचंच की. बाईच्या घरला येयाला काय निमंत्रान लागतं व्हय?”

“दमत नाही?”

“दमतंय की. पर खाली तरी कुठं बसून खातो, बाबा?”

सोबतच्या सुनेनं त्यांना हात दिला, तिला लवकर उतरायचं होतं. हळवं भात पिकलं होतं, दुसऱ्या दिवशी कापणीला हात घालायचा होता, आणि पश्चिमेला पुन्हा आभाळ भरून येत होतं.