दोन दारांचं शेडनेट

११ मार्च, वाई

अमेरिकेतून आणायच्या स्ट्रॉबेरीच्या रोपांसाठी बांधलेली शेड तपासायला विद्यापीठातून रोगशास्त्राचे सर आले, बरोबर कीटकशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक. चहा मागाहून म्हणाले, आधी शेड. बाहेरच्या दाराशी थांबून मला रिकामं क्रेट घेऊन आत जायला सांगितलं. दोन दारांमधल्या जागेत मी आणि क्रेट मावलो. मग त्यांनी एका गड्याला दुसरं क्रेट घेऊन माझ्या मागे पाठवलं. तो मावेना, बाहेरचं दार उघडंच राहिलं. सर काही बोलले नाहीत, वहीत लिहिलं. मधली जागा वाढवायची.

जाळीची वीण त्यांनी भिंगाखाली धरून पाहिली, कारण मावा अडतो त्या जाळीतून फुलकिडा आरामात जातो. मग सांडपाण्याकडे वळले. शेडचं पाणी पाटाने खाली ओढ्याला जात होतं. मुळांचे रोग पाण्याबरोबर चालतात, तेव्हा पाट बुजवून शोषखड्डा घ्यायचा. सगळ्यात जवळचं स्ट्रॉबेरीचं रान किती अंतरावर, तिथे जाणारे मजूर तेच की वेगळे, हेही विचारलं. हा प्रश्न मला आवडला. कागदावरच्या नकाशात मजूर कुठे दिसतात?

तात्यांना हे सगळं उफराटं वाटतं. "रोपं अमेरिकेत, परवान्याचा पत्ता नाही, आणि तपासायला आले कोण? रिकामी शेड!" त्यांना सांगितलं, नियमच तसा आहे. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश म्हणतो, की लावणीसाठी बाहेरून आणायच्या ज्या रोपांना विलगीकरण लागतं, त्यांच्यासाठी आयात करणाऱ्याने स्वखर्चाने जागा उभारायची, नेमलेल्या तज्ज्ञांकडून ती मंजूर करून घ्यायची, आणि तो दाखला जोडल्याशिवाय परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही. जागा आधी, रोप मागून. तात्या म्हणाले, "म्हणजे लग्नाआधी घर." तेवढ्यावर मिटलं.

२६ मार्च

मधली जागा वाढवली, शोषखड्डा झाला, दाखला मिळाला. त्यात क्षमताही लिहिली आहे, किती वाफ्यांत किती रोपं. खेप त्याहून मोठी मागवता येत नाही.

हे भिलारच्या दाजींच्या पचनी पडेना. संध्याकाळी फोन. "माझी दोन हजार मदर रोपं तुझ्यातच घाल की, हवाई भाडं वाटून घेऊ." जागा नाही म्हटलं तर म्हणे दाटीवाटीने लाव. दाजींना नाही म्हणणं सोपं नसतं, बहिणीचं घर आहे. पण दाटीत प्रत्येक रोपाची पानं उलटून बघता येत नाहीत, आणि बघण्यासाठीच तर ती आत ठेवायची. शेवटी म्हणालो, रनरची नवी रोपं सुटली की पहिला हक्क तुमचा. ते फोन ठेवताना जरा घुश्शातच होते.

९ एप्रिल, मुंबई

कामासाठी शिवडीला जाऊन आलो. हाजीबंदर रस्त्यावर वनस्पती संगरोधाचं प्रादेशिक केंद्र आहे. लावणीचा माल देशात कुठल्याही बंदरातून आणता येत नाही. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, अमृतसर अशी ठरावीकच दारं आहेत. एजंटबरोबर बसून कागद लावले. तो पोरगा हुशार आहे, पण सगळं 'होऊन जाईल' म्हणतो. मला हा शब्द ऐकला की धास्ती वाटते.

काम उरकल्यावर खाडीकडे गेलो. ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी होते, त्यांना परवाना लागत नाही. तिथे उभा असताना कॉलेजात शिकलेली एक गोष्ट आठवली. १९०६ मध्ये सरकारने अमेरिकेतून येणारा कापूस मुंबई बंदरात धुरी दिल्याशिवाय उतरवायचा नाही असा हुकूम काढला. मेक्सिकोतला बोंडातला भुंगा तेव्हा टेक्सासात शिरून तिथल्या कापसाचा फडशा पाडत होता. १९१४ चा किडींचा कायदा त्यानंतर आठ वर्षांनी आला. म्हणजे देशाचं हे सगळं खातं एका अर्थी मुंबईच्या धक्क्यावर, कापसाच्या गाठींपाशी सुरू झालं. तो भुंगा आजतागायत भारतात नाही. त्याबद्दल कुणी कुणाचा सत्कार केल्याचं ऐकिवात नाही. न आलेल्या किडीची बातमी कोण छापणार?

उलट बाजूही आहे. गुलाबी बोंडअळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४० च्या दशकात भारतातल्याच नमुन्यांवरून झालं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती आपल्याकडच्या कापसातून इजिप्तला गेली. आपण अमेरिकेचा कापूस धुरावत होतो आणि आपला कापूस दुसऱ्याच्या दारी अळी पोचवत होता. विदर्भातल्या शेतकऱ्याला या अळीबद्दल वेगळं सांगायला नको.

रात्री परतीच्या एसटीत झोप लागली नाही. खंबाटकीला थांबून भजी खाल्ली.

२१ एप्रिल

परवाना आला. मेलबर्नच्या मित्राला कळवलं. आम्ही शेतकी कॉलेजात एका खोलीत होतो, आता तो तिकडे रोपांच्याच धंद्यात आहे. त्याच्याकडे ही सगळी व्यवस्था वेगळी. शहराच्या उत्तरेला मिकलहॅमला सरकारने एकच मोठं विलगीकरण केंद्र बांधलं, २०१५ पासून ते सुरू आहे. आधीची पाच जुनी केंद्रं बंद करून सगळं तिथे आणलं. त्याच आवारात वेगवेगळ्या इमारतींत कुत्री, मांजरं, घोडे, मधमाश्या, पक्षी आणि आमच्या जातीची रोपं. जास्त धोक्याची झाडं, म्हणजे द्राक्ष, सफरचंद, लिंबूवर्गीय, स्ट्रॉबेरी, त्यांना सरकारी काचघराशिवाय दुसरी जागा नाही, आणि तिथली जागा आधी आरक्षित करावी लागते. द्राक्षाची काडी दोन-दोन वर्षं आत राहते. भाडं, तपासणीची फी, विषाणूंच्या चाचण्या, सगळं आयात करणाऱ्याच्या माथी.

"दोन वर्षं जागा अडकवून ठेवायची, म्हणजे माणूस दहा जाती मागवत नाही, एकच मागवतो आणि तीही विचार करून," तो म्हणाला. हा फायदा माझ्या लक्षात आला नव्हता.

आमच्याकडे मात्र कैदी माझा, तुरुंग माझा आणि किल्लीही माझ्याच खिशात. सर येतात, बघतात, सही करतात, जातात. मधल्या रात्री शेडला कुलूप लावणारा मीच. ज्याचे पैसे अडकलेत त्यालाच पहारेकरी नेमायचं, ही यातली मोठी फट. ती बुजवायला सरकारी काचघरं हवीत. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटींचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. देशात नऊ केंद्रं व्हायची आहेत, त्यातली महाराष्ट्रात तीन: पुण्याला द्राक्षं, नागपूरला संत्री, सोलापूरला डाळिंब. आमच्या डोंगरातल्या लाल फळाची पाळी कधी येते बघू.

७ मे

निर्यातदाराने कॅलिफोर्नियाहून प्रमाणपत्राचा मसुदा मेलवर पाठवला. परवाना डाव्या हाताला, मसुदा उजव्या हाताला, ओळ अन् ओळ जुळवत बसलो. आपल्या परवान्यात कुठल्या रोगापासून, कुठल्या सूत्रकृमीपासून माल मुक्त आहे असं तिथल्या सरकारने लिहून द्यायचं, ती वाक्यं ठरलेली असतात. त्यातलं एक गायब.

फोन केला. पलीकडची बाई गोड बोलली, पण वैतागली होती. गेल्या गिऱ्हाइकाने हे मागितलं नव्हतं म्हणे. गेल्या गिऱ्हाइकाचं त्याला ठाऊक. माझं खोकं सहारला उतरल्यावर एक ओळ कमी म्हणून अडलं, तर मी दोष कुणाला देणार? तिथे वाट बघायला रोपं काही पोत्यातली साखर नाहीत. तपासणी पुन्हा होऊन नवं प्रमाणपत्र निघेपर्यंत माल हलणार नाही असं ठरलं. विमान हुकलं. तात्या दिवसभर गप्प होते, आणि तात्या गप्प असले की घरात सगळेच हळू बोलतात.

१९ मे

माल आला. सहारच्या कार्गोत अधिकाऱ्याने खोकी स्वतः निवडली, माझ्या हाताने एकही उघडू दिलं नाही. मुळं झटकून पांढऱ्या कागदावर काय पडतं ते पाहिलं. परदेशी मातीचा कण नको, हा नियम कडक; चिमूटभर मातीत किती जीव येतात, हे तो अधिकारी माझ्यापेक्षा जास्त जाणतो. नमुने घेतले, शिक्का दिला. गारेगार गाडीतून रातोरात पुणं, खंबाटकी, सुरूर फाटा. पहाटे शेडमध्ये.

तात्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं. उणे तापमानात झोपवलेली रोपं, पानं नाहीत, तपकिरी खोड आणि मुळांचा झुपका. "एवढ्या विमानाच्या भाड्यात ही काटकं?" मी म्हटलं, आठ दिवस थांबा.

लावायला ठरलेल्या चारच मावश्या. त्यांना या काळात दुसऱ्या कुणाच्या स्ट्रॉबेरीत जायचं नाही, त्याबद्दल रोज थोडा वाढवून दिला आहे. शेडच्या चपला वेगळ्या. एक मावशी म्हणाली, "आमच्या देवघरातबी एवढं सोवळं नाय."

३० मे

पानं फुटली. हिरवा रंग वेगळाच, आपल्या जुन्या रोपांपेक्षा गडद.

दाजी आले. शेडबाहेर उभे राहून जाळीतून बघत होते. मग हळूच, "दहा-पंधरा दे की. परसात लावतो. कुणाला कळतंय?" आजवर आलेल्या कितीतरी किडी अशाच पिशवीतून, पाहुण्यांच्या हातून पुढे सरकल्या आहेत. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला, दोनेक वर्षांत आपल्याकडच्या बागाही पांढऱ्या झाल्या. त्याने कुठल्या कार्यालयात अर्ज केला होता? शेवटी २०१० मध्ये पोर्टो रिकोहून त्याला मारणारी चिमुकली गांधीलमाशी आणली, तेव्हा कुठे बागा सुटल्या. ढेकूण फुकट घुसला. माशीला मात्र परवाना, तपासणी आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळेतलं विलगीकरण भोगावं लागलं.

दाजींना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे देत नाहीस." जेवून गेले मात्र.

१२ जून

सर आले. पाऊस भरून आलेला, शेडमध्ये उजेड कमी. एका वाफ्यात पानांवर बारीक कोनदार डाग होते. सरांनी पान तोडून मोबाइलच्या दिव्यासमोर धरलं. जिवाणूजन्य डाग असेल तर तो मागून उजेड दिला की पारदर्शक दिसतो. सगळे आ वासून बघत होतो. दिसला की नाही, कुणालाच धड सांगता येईना. नमुने प्रयोगशाळेत.

ते निघणार इतक्यात मावशीने कोपऱ्यातला वाफा दाखवला. सात-आठ रोपं मलूल. मला वाटलं ठिबकची नळी चोंदली असेल. सरांनी एक उपटून खोड उभं चिरलं. आत लालसर तपकिरी छटा, मार्बलसारख्या. डागांची भीती बाजूलाच राहिली.

२० जून

अहवाल आले. पानांवरचे डाग साध्या बुरशीचे, आपल्याकडे जुनेच. खोडात मात्र कोलेटोट्रिकम. हीही बुरशी या डोंगरात नवी नाही, तेव्हा तात्यांचा सवाल रास्त होता, की घरात असलेल्या चोराला दारात का अडवायचं. सरांनी शांतपणे सांगितलं: बाहेरच्या बुरशीचा वाण वेगळा असू शकतो, औषधाला दाद न देणारा असू शकतो, आणि एकदा रनरमधून पन्नास गावांत गेला की मग कुठला कुणाचा, हे ठरवता येणार नाही.

कोपऱ्यातला पूर्ण वाफा आणि शेजारचा अर्धा उपटायचा. आदेशात भरपाईची तरतूद नाही. पावसात जाळ धरेना, म्हणून पिंपात डिझेल ओतून जाळलं. वाफ्यातला कोकोपीटही त्यात. निरोगी दिसणारी रोपं टाकताना मावश्यांचे हात अडखळत होते. माझेही पैसे जळत होते, ते मी मोजले नाहीत. तात्यांनी मोजले आणि सांगितले.

१० जुलै

मुदत संपली, शेवटची पाहणी झाली. बाकीच्या वाफ्यांना सोडल्याचं पत्र मिळालं, त्यात जाळलेल्या वाफ्यांची नोंदही आहे. सरांनी या वेळी चहा घेतला, वर पोहेही. जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी शेडचे दोन भाग करा, मध्ये जाळी घाला, म्हणजे एका कोपऱ्यात काही निघालं तर शेजारचा अर्धा वाफा वाचेल. गवंड्याशी बोललो आहे. क्षमता त्यामुळे आणखी कमी होणार, हे दाजींना अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षीचा दाखला ऑक्टोबरातच मागायचा, मार्चपर्यंत थांबायचं नाही. रनरची वही आज उघडली. शब्द दिल्याप्रमाणे पहिलं नाव दाजींचं. भाव सगळ्यांना तोच, आणि निम्मे पैसे आगाऊ. तेही लिहून ठेवलं.