पान होतें, वाट नव्हती

माझ्या मावशीनें मला आजवर कधींही बोल लावलेला नाहीं. लहानपणीं सुटींत तिच्याकडे राहावयास गेलों असतां तिची शाईची दौत मीं तिच्याच हजेरीपटावर उपडी केली, तेव्हांही "टिपकागद घेऊन ये बाळ" यापलीकडे ती कांहीं बोलली नव्हती. म्हणूनच गेल्या वर्षीं तिनें टेलिफोनवर जो एक प्रश्न मला विचारला, तो अजून मनांतून जात नाहीं. ती म्हणाली, "पान होतें म्हणतोस ना? मग मला तें दिसलें कसें नाहीं रे?" या प्रश्नांत राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरोखरच तें कळून घ्यावयाचें होतें. आणि त्यामुळेंच तो मला अधिक लागला.

मावशी शिक्षिकेच्या कामांतून निवृत्त झाल्यापासून आपल्या गांवचें लहानसें वाचनालय विनावेतन चालविते. मी पुण्यास सॉफ्टवेअर लिहिण्याचा व्यवसाय करतों. तिच्या देवघेवीच्या जाडजूड वह्या पाहून मीं फावल्या वेळांत तिला एक छोटेंसें सॉफ्टवेअर तयार करून दिलें. कोणतें पुस्तक कोणाकडे गेलें आणि केव्हां परत आलें, एवढेंच तें टिपून ठेवी. पुढें आसपासच्या आणखी दोन वाचनालयांनीं तें मागून घेतलें, आणि दर रविवारीं, नेमकीं पानें वाढलीं असतांना, शंकासमाधानासाठीं मला टेलिफोन येऊं लागले. तेव्हां मीं ठरविलें कीं, या सॉफ्टवेअरची एक मार्गदर्शिका लिहून इंटरनेटवर ठेवून द्यावी. म्हणजे ज्याला जें हवें तें तो वाचून घेईल, आणि मलाही आमटी ऊन आहे तोंच जेवतां येईल.

अशा कामासाठीं 'एमकेडॉक्स' नांवाचें एक विनामूल्य साधन आहे. टॉम ख्रिस्ती यांनीं तें २०१४ सालीं प्रथम प्रसिद्ध केलें. लेखकानें आपला मजकूर 'मार्कडाउन' या पद्धतीनें लिहावयाचा. मथळ्यामागें एक खूण, यादीमागें दुसरी, अशी ही साधी पद्धति जॉन ग्रुबर यांनीं २००४ सालीं सुरू केली. मजकूर तयार झाला कीं हें साधन त्याचें संकेतस्थळ बांधून देतें. त्या स्थळाचा रंग, अक्षर, पट्ट्या, दारें-खिडक्या हें सर्व ठरविणारा जो साचा, त्याला 'थीम' म्हणतात. मीं मार्टिन डोनाथ यांनीं २०१६ सालीं पुढें आणलेली 'मटेरियल' ही थीम निवडली. जगांतील पुष्कळशा सॉफ्टवेअरांच्या मार्गदर्शिका याच वेषांत वाचकांपुढें आलेल्या आहेत.

थीमला द्यावयाच्या सर्व आज्ञा एकाच लहान फायलींत लिहावयाच्या असतात. या फायलीचें सोंवळें मात्र कडक. कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटांत हें डावीकडे सोडलेल्या जागेवरून ठरतें, आणि ती जागा टॅबच्या कळीनें सोडलेली चालत नाहीं. एकेक अंतर मोजून सोडावें लागतें. पण एकदां ही शिस्त अंगवळणीं पडली कीं जी मौज सुरू होते ती कांहीं विचारूं नका. आपल्याच संगणकावर स्थळ उघडून ठेवावें, फायलींत एक शब्द बदलावा, आणि क्षणार्धांत समोरच्या पानानें नवी कांति धारण करावी! लहान मुलाच्या हातीं रंगपेटी आली म्हणजे त्याची जी अवस्था होते, तीच चाळीशी उलटलेल्या माझी झाली.

मूळचा रंग निळीचा. तो मला परका वाटला. मीं निराळी फाईल जोडून तेथें फिकट केशरी रंग आणला. मूळचा टंक 'रोबोटो'. त्यांत देवनागरी अक्षरेंच नसल्यामुळें मराठी मजकूर वाचकाच्या संगणकावर जो टंक सांपडेल त्यांत उमटतो. म्हणून मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनें केलेला 'मुक्ता' हा टंक मीं नेमला. एवढें एक काम त्या पंधरवड्यांत मीं शहाणपणाचें केलें. रात्रीं वाचणारांसाठीं एक काळी रंगयोजना असते. तिचें नांवच 'स्लेट', म्हणजे आपली पाटी. तीही जोडली. घरांत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. केशरी रंग वहिनींनीं पसंत केला. बोधचिन्ह फार मोठें झालें असें दादाचें मत पडलें. पुतणीनें वरच्या पट्टीवर चित्र हवें असा हट्ट धरला. आईनें चष्मा लावून सर्व पाहिलें आणि "छान दिसतें हो" म्हणून ती पुन्हां भाजी निवडूं लागली. मीं सर्वांना रंग विचारला. अमुक एक गोष्ट यांत शोधून दाखवा, असें मात्र एकालाही म्हटलें नाहीं.

शेवटीं एक हौस राहिली होती. चित्रावर टिचकी मारली कीं तें मोठें होऊन पुढें यावें. त्यासाठीं एक जोड-साधन मिळतें. फायलींत 'प्लगइन्स' असा मथळा घालून त्याखालीं मीं त्याचें नांव लिहिलें. चित्रें मोठीं होऊं लागलीं आणि मी धन्य झालों.

येथेंच माझी फसगत झाली, आणि तीही नियम ठाऊक नव्हता म्हणून नव्हे, तर वाचलेला नियम विसरलों म्हणून. या फायलींत जोड-साधनांची यादी मुळींच केली नाहीं, तर शोध घेण्याची चौकट आपोआप मिळते. परंतु यादी केली, कीं त्या यादींत ज्याचें नांव असेल तेवढेंच चालतें. घरीं कार्य नसतें तेव्हां घरचीं माणसें न सांगतां पाटावर येऊन बसतात. पण आमंत्रणाची यादी करून तिच्या मोजणीनें पानें मांडलीं, तर यादींत नांव नसलेल्या घरच्या माणसालाही पान मिळत नाहीं. माझ्या यादींत चित्रें मोठीं करणारा पाहुणा होता. 'सर्च' हें घरचें माणूस नव्हतें. शोधाची चौकट नाहींशी झाली, आणि मला स्वतःला त्या स्थळावर कांहीं शोधावयाचें नसल्यामुळें तें माझ्या ध्यानांतही आलें नाहीं.

दुसरी चूक याच जातीची. पानांचा क्रम लावण्यासाठीं 'नॅव्ह' नांवाची एक यादी असते. ती केली नाहीं, तर सर्व पानें फायलींच्या नांवांच्या वर्णक्रमानें दिसतात. केली, तर यादींतील पानेंच दिसतात. बाकीचीं पानें तयार होतात, पण त्यांच्याकडे जाणारी वाट यादींत नसते. सर्व नोंदींची प्रत काढून ती निराळ्या ठिकाणीं कशी ठेवावी आणि नव्या संगणकावर कशी न्यावी, हें पान मीं सर्वांच्या शेवटीं लिहिलें आणि यादींत घालावयास विसरलों. हें साधन मोठें प्रामाणिक आहे. स्थळ बांधतांना प्रत्येक वेळीं तें मला सांगत होतें कीं, अमुक पान आहे, पण यादींत नाहीं. ती ओळ इशारा म्हणून येत नसे, केवळ माहिती म्हणून येई; आणि माझी नजर केशरी रंगावर खिळलेली असे.

श्रावणांत एका देणगीदारानें मावशीच्या वाचनालयास नवा संगणक दिला. जुना पुसून शाळेला द्यावयाचा होता. मावशीनें मला टेलिफोन केला. मी एका बैठकींत होतों. "मावशी, सगळें लिहून ठेवलें आहे ग, तेवढें वाच ना," असें म्हणून मीं टेलिफोन ठेवला.

तिनें वाचलें. दोन संध्याकाळ बसून वाचलें. वरच्या पट्टीवरचा प्रत्येक विभाग तिनें उघडला, प्रत्येक चित्रावर टिचकी मारली, आणि चित्रें फार सुरेख मोठीं होत होतीं, असें तिनें मला मागाहून सांगितलें. प्रत काढण्याविषयीं कोठेंच कांहीं न आढळल्यामुळें तिनें एक तर्क केला. आपलीं पत्रें जशीं कोणत्याही संगणकावर उघडलीं तरी दिसतात, तशा नोंदीही इंटरनेटवरच कोठें तरी असाव्यात. नाहीं तर भाच्यानें लिहिलें नसतें का? तर्क चुकीचा होता, पण वेडेपणाचा नव्हता. आणि त्याचा आधार माझ्यावरचा विश्वास हा होता. जुना संगणक पुसला गेला. पौषांत गेलों असतां मीं घेतलेली एक प्रत माझ्याजवळ होती. पुढच्या सात महिन्यांच्या नोंदी गेल्या.

मावशीनें वर्गणीदारांच्या घरोघरीं जाऊन, पुस्तकांवरील तारखांचे कागद ताडून पाहून, जमेल तेवढ्या नोंदी पुन्हां लिहिल्या. त्यांत एक गोष्ट घडली. एका वृद्ध वर्गणीदारांच्या नांवावर एक पुस्तक बाकी दिसत होतें. मावशीनें संकोचानें विचारलें. ते म्हणाले, "मीं परत केलें आहे, बाई, पण तुमच्या दप्तरीं नसेल, तर माझीच चूक." पुढच्या आठवड्यांत त्यांनीं तेंच पुस्तक नवें विकत आणून वाचनालयांत ठेवलें. महिन्याभरानें जुनी प्रत कपाटांतच, दुसऱ्या रांगेमागें पडलेली सांपडली. त्या रात्रीं मावशीनें मला टेलिफोन केला, आणि मीं "पण तें पान होतें ग" असें म्हणतांच तो प्रश्न विचारला.

त्यानंतरचा रविवार मीं त्या फायलीपुढें बसून काढला. यादींत 'सर्च' हा एक शब्द घातला. चौकट परत आली. कळींचीं नांवें सॉफ्टवेअरमध्यें रोमन लिपींत आहेत तशींच पानांतही असल्यामुळें कळीवरचा शब्द टाकतांच आतां तें पान पुढें येतें. २०२३ सालच्या आवृत्तीपासून एमकेडॉक्समध्यें अशी सोय झालेली आहे कीं, यादींतून गळलेल्या पानाची सूचना नुसती माहिती न राहतां इशारा व्हावी, आणि कडक तपासणी चालू ठेवल्यास इशारा आला कीं स्थळ बांधलेंच जाऊं नये. ही सोय असतांना मीं ती वापरली नव्हती, आतां वापरतों. फिकट केशरीलाही रजा दिली. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमच्या सुगम्यतेच्या नियमांप्रमाणें नेहमींच्या आकाराचीं अक्षरें आणि त्यांची पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ ला १ हवें. माझे केशरी दुवे पांढऱ्या पानावर त्या कसोटीस उतरत नव्हते. आतां रंग गडद विटकरी आहे. वहिनींना तो आवडला नाहीं. पण मावशीला तो चष्म्याविना दिसतो.

पानांचा क्रम मात्र मला आईनें शिकविला. मीं तो सॉफ्टवेअरच्या रचनेप्रमाणें लावला होता: प्रथम स्थापना, मग विभाग, मग उपविभाग. त्या संध्याकाळीं वहिनी बाहेर गेल्या होत्या आणि पुतणी चहा करीत होती. फडताळांत साखर, चहा, गाळणें हें सर्व हाताच्या उंचीवर होतें. पुरणयंत्र वरच्या फळीवर. आणि भाजल्यावर लावावयाचें मलम अगदीं चुलीशेजारच्या कोनाड्यांत. "तें तिथें कशाला?" असें मीं विचारलें. आई म्हणाली, "भाजल्यावर कुणी शोधत बसतें का रे?"

मीं मार्गदर्शिकेचा क्रम मोडला. आतां पहिल्याच पानावर, ओळखीच्या चार ओळींच्याही आधीं, 'संगणक बदलण्यापूर्वीं' हा दुवा आहे. मग आईला पुढें बसवून मीं म्हटलें, "नवा संगणक आला आहे आणि जुना द्यावयाचा आहे, असें समज. काय करशील?" तिनें तीन टिचक्यांत तें पान काढलें. दोन टिचक्या पुरावयास हव्या होत्या. तिसरी कोठें लागली तें पाहून मीं एक मथळा बदलला.

थीम म्हणजे मजकुराचें वस्त्र, असें मी समजत होतों. आतां तसें वाटत नाहीं. रंग हें वस्त्र असेल. पण वाट, क्रम आणि शोध हीं मजकुराचींच अंगें आहेत. जें लिहिलें पण सांपडलें नाहीं, तें वाचकाच्या लेखीं लिहिलेंच नाहीं. आणि "लिहून ठेवलें आहे, वाच" हें वाक्य उच्चारण्याचा अधिकार, त्या वाटेनें दुसऱ्या कुणास एकदां चालवून पाहिल्याविना, आपल्याला येत नाहीं.

त्या पुस्तकाच्या दोन्ही प्रती आतां मावशीच्या कपाटांत शेजारीं शेजारीं आहेत. तिनें पैसे परत देऊं केले, ते त्या गृहस्थांनीं घेतले नाहींत. सॉफ्टवेअरमध्यें दुसऱ्या प्रतीपुढें मावशीनें 'भेट' अशी नोंद केली आहे. त्या नोंदींची प्रत दर शनिवारीं काढून ती घरीं नेऊन ठेवते, असें तिनें कालच कळविलें.