तिनं काय विचारलं?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईचं रुग्णालयात काय काम, असं माझे पुण्याकडचे नातेवाईक विचारतात. काम आहे, आणि ते कायद्यानंच नेमून दिलेलं आहे. माणसांवर नव्या औषधाची चाचणी घ्यायची तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. 2019 च्या नियमांप्रमाणे या समितीत किमान सात सदस्य हवेत आणि त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत. डॉक्टर, औषधशास्त्राचे जाणकार, एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक. शिवाय समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी कार्यकर्ता, तत्त्वज्ञ, धर्मशास्त्री यांपैकी कुणी एक. दिल्लीतल्या अशा एका समितीत मी या शेवटच्या जागेवर बसते.

बैठकीआधी प्रस्तावांचा गठ्ठा घरी येतो. वीसेक वर्षांपूर्वीपेक्षा संमतीपत्रं आता खूपच बरी असतात. हिंदीत असतात, अक्षर मोठं असतं, धोके सांगितलेले असतात, नुकसानभरपाईचा परिच्छेद असतो. तरीही ती वाचताना मला एक प्रश्न सोडत नाही. ज्या बाईला हे वाचून दाखवलं जाणार, ती यावर काय म्हणेल? तिचं म्हणणं लिहायला त्या कागदावर जागाच नसते. असते ती फक्त सहीला किंवा अंगठ्याला.

या प्रश्नाचं मूळ दिल्लीतच आहे. बहादूरशाह जफर मार्गावरच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, एक पेशीसंशोधन केंद्र होतं. ते पुढे मोठी संस्था होऊन नोएडाला गेलं. या केंद्रानं 1976 ते 1988 या काळात एक अभ्यास केला. दिल्लीतल्या रुग्णालयांत आलेल्या 1158 स्त्रियांच्या गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल आढळले होते. हे बदल कुणामध्ये वाढतात, कुणामध्ये आपोआप ओसरतात, किती काळात कर्करोगापर्यंत पोचतात, हे पाहायचं होतं. त्यासाठी या स्त्रियांवर उपचार न करता त्यांना नियमित तपासत राहायचं, अशी आखणी होती. अभ्यास संपेपर्यंत किमान 71 जणींना कर्करोग झाला आणि त्यांपैकी नऊ जणींमध्ये तो आसपासच्या पेशीजालात शिरला होता. हे सगळं सर्वसामान्यांसमोर आलं ते 1997 साली, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका वृत्तामुळे.

संशोधकांच्या बाजूनं जे सांगितलं गेलं ते नीट ऐकून घ्यायला हवं. त्या काळी लेखी संमतीचा नियम नव्हता, बऱ्याच स्त्रिया निरक्षर होत्या, तोंडी संमती घेतली होती, असं ते म्हणणं. शिवाय वैद्यकीय बाजूही होती. सौम्य बदल पुष्कळदा आपोआप नाहीसे होतात आणि सरसकट शस्त्रक्रिया करणं हाही अत्याचार ठरू शकतो. म्हणजे शास्त्रीय प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर मिळवण्यात देशातल्या लाखो स्त्रियांचं हित होतं. यातला एकही मुद्दा मी धुडकावून लावत नाही.

पण लेखी नियम नव्हता हे म्हणणं तारखांपुढे टिकत नाही. जागतिक वैद्यक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा 1964 चा. त्यात 1975 साली सुधारणा झाली आणि प्रयोगाचा आराखडा स्वतंत्र समितीपुढे ठेवावा असं कलम आलं. दिल्लीतला अभ्यास त्यानंतरच्या वर्षी सुरू झाला. खुद्द आयसीएमआरनं 1980 साली मानवी संशोधनाच्या नीतीविषयी धोरण जाहीर केलं. ते तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती एच. आर. खन्ना होते. आणीबाणीत जगण्याचा हक्कही स्थगित होतो असं सर्वोच्च न्यायालयानं 1976 मध्ये ठरवलं, तेव्हा एकट्यानं विरोधात निकाल देणारे तेच हे खन्ना. धोरण आलं, आणि अभ्यास पुढे आठ वर्षं चालू राहिला.

1976 ची दिल्ली म्हणजे काय, तेही आठवायला हवं. मौलाना आझाद महाविद्यालयापासून चालत जाता येईल अशा अंतरावर तुर्कमान गेट आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथली घरं पाडली गेली आणि परिसरात नसबंदीची मोहीम चालली. या दोन गोष्टी एक आहेत असं मी म्हणत नाही. पण सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं ‘पुढच्या महिन्यात परत या’ म्हटल्यावर ‘कशासाठी?’ असं विचारायची हिंमत त्या काळात किती बायकांना झाली असेल, याचा विचार तोंडी संमतीचं मोल ठरवताना करावाच लागतो.

याच रोगावर जवळजवळ हाच प्रयोग न्यूझीलंडमध्येही झाला होता. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरांनी 1966 पासून कर्करोगपूर्व बदल असलेल्या स्त्रियांना पुरेशा उपचाराविना केवळ निरीक्षणाखाली ठेवलं. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी 1987 मध्ये ‘मेट्रो’ मासिकात त्यावर लेख लिहिला. सिल्व्हिया कार्टराइट या न्यायाधीश बाईंच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, 1988 मध्ये अहवाल आला आणि त्यातून पुढे रुग्णांच्या हक्कांची कायदेशीर संहिता आली. त्या चौकशीत स्त्रियांनी स्वतः साक्षी दिल्या. दिल्लीतल्या प्रकरणानंतर आपल्याकडेही काही घडलं, नाही असं नाही. न्यायमूर्ती व्यंकटचलय्या यांच्या समितीनं केलेली मार्गदर्शक तत्त्वं 2000 साली आली आणि 2006 व 2017 मध्ये त्यांत सुधारणा झाली. नियम मिळाले. पण त्या 1158 जणींपैकी एकीचाही आवाज मला नोंदीत सापडला नाही.

हान्स योनास या जर्मन-अमेरिकन तत्त्वज्ञाचा 1969 मधला एक निबंध मी दरवर्षी शिकवते. आपण सगळे कांटचं वचन धरून बसतो की माणसाला केवळ साधन करू नये. योनास एक पाऊल पुढे जातो. त्याच्या मते प्रयोगात माणूस साधन होतो यापेक्षाही तो वस्तू होतो हे अधिक वाईट. निष्क्रिय, कुणी तरी पाहत राहावं अशी वस्तू. म्हणून प्रयोगासाठी आधी हाक द्यायची ती ज्यांना त्या प्रयोगाचा हेतू सर्वाधिक कळतो त्यांना, म्हणजे संशोधकांना. आणि ज्यांना कमीत कमी कळतो, ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांच्याकडे सर्वात शेवटी वळायचं. मुंबईच्या इतिहासात याचे दोन्ही नमुने एकाच महिन्यात सापडतात. जानेवारी 1897 मध्ये वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना दिली. कैदी स्वेच्छेनं पुढे आले अशी नोंद आहे. तुरुंगातल्या स्वेच्छेचं वजन किती धरायचं, हा प्रश्न उरतोच.

तत्त्वज्ञान इथवर नेतं. पुढची वाट मला एका मराठी नाटकानं दाखवली. विजय तेंडुलकरांचं ‘कमला’ 1981 सालचं, म्हणजे दिल्लीतला अभ्यास ऐन भरात होता तेव्हाचं, आणि घडतं तेही दिल्लीतच, नीतिबागमधल्या एका बंगल्यात. जयसिंग जाधव हा धडाडीचा पत्रकार बायकांचा बाजार उघडकीला आणण्यासाठी कमला या आदिवासी बाईला चक्क विकत घेऊन येतो आणि तिला पत्रकार परिषदेत उभी करतो. ती जशी आणली तशीच, फाटक्या लुगड्यात दिसली पाहिजे, आणि आपल्याला कुठे व कशासाठी नेताहेत हे तिला कळता कामा नये, असा त्याचा आग्रह असतो. पुरावा अस्सल राहायला हवा ना! प्रयोगशाळेत ज्याला आपण ‘नैसर्गिक क्रम बिघडू न देणं’ म्हणतो, ते हेच.

जयसिंग खलनायक नाही, म्हणून हे नाटक मला महत्त्वाचं वाटतं. त्यानं उघड केलेला गुन्हा खरा आहे. त्याच्या धैर्यालाही दाद द्यावी लागते. नेमका हा चांगला हेतूच त्याला समोरचं माणूस दिसू देत नाही. समितीत आमच्यापुढे येणारे संशोधकही बहुतेक चांगलेच असतात. वाईट हेतूच्या माणसाला अडवायला नियम पुरतात; चांगल्या हेतूच्या माणसाला थांबवायला काय पुरेल, हा आमच्यापुढचा खरा पेच.

नाटकाला वळण मिळतं ते कमलाच्या एका साध्या प्रश्नानं. ती जयसिंगच्या बायकोला, सरिताला, विचारते की तुला केवढ्याला घेतलं. तोवर कमला फक्त पाहिली जात होती. आता तिनं पाहणाऱ्यांकडे पाहिलं. त्या प्रश्नानंतर सरिता आपल्या संसाराकडे पहिल्यासारखं पाहू शकत नाही. माझ्या दृष्टीनं संमतीचा अर्थ हा आहे. ज्याच्यावर प्रयोग होणार त्याला प्रश्न विचारायला जागा मिळाली आणि त्या प्रश्नानं प्रयोग करणाऱ्यालाही आपला आराखडा बदलावा लागण्याची शक्यता असली, तर ती संमती. नुसतं ऐकवून अंगठा घेतला तर ती फक्त नोंद.

माणसाला वस्तू करण्याच्या आरोपातून कलाही सुटत नाही. या नाटकामागे खरी घटना आहे. त्याच 1981 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातून एका बाईला 2300 रुपयांना विकत घेतलं आणि ती बातमी देशभर गाजली. त्यावर तेंडुलकरांचं नाटक आलं, पुढे 1984 मध्ये जगमोहन मुंदडा यांचा हिंदी चित्रपट आला. त्या बाईला यांपैकी कशाचा जाब विचारता आला? तिच्या दुःखावर लेख लिहिणारी मीही त्या रांगेत उभी आहे. तरी एक फरक मला दिसतो. तेंडुलकरांनी आपल्या नायकाला, आणि त्याच्या आडून लेखणी चालवणाऱ्या प्रत्येकाला, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. संशोधनाच्या अहवालात असं करायला जागा नसते. म्हणून विज्ञानाला कलेची गरज असते, आणि ती शोभेपुरती नसते.

दिल्लीत हे ओळखणारे डॉक्टर आहेत. दिलशाद गार्डनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये 2009 पासून वैद्यकीय मानव्यविद्येचा गट काम करतो. तिथे 2011 मध्ये राधा रामस्वामी यांनी ऑगस्तो बोआल या ब्राझिली रंगकर्मीच्या पद्धतीची कार्यशाळा घेतली. या पद्धतीत प्रेक्षक चालू प्रसंग थांबवतो, रंगमंचावर जातो, दबलेल्या पात्राची जागा घेतो आणि वेगळं काही करून पाहतो. माझ्या वर्गात मी संमती घेण्याचा प्रसंग असाच करून घेते. रुग्ण झालेली विद्यार्थिनी जेव्हा ‘मी नाही म्हटलं तर माझं ऑपरेशन लांबणीवर पडेल का?’ असं विचारते, तेव्हा डॉक्टर झालेल्या मुलाची नजर कागदावरून उठते. हा प्रश्न कुठल्याही छापील नमुन्यात आयता नसतो.

मात्र सगळीच प्रकरणं दिल्लीसारखी सरळ नसतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक प्रचंड चाचणी झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांची ती संयुक्त चाचणी. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, गावांचे 52 गट. काहींची एचपीव्ही चाचणी, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूचा शोध, काहींची पॅप, म्हणजे पेशींची तपासणी, काहींची व्हिनेगर लावून पाहणी. आणि 31,488 जणींची यांपैकी काहीच नाही, फक्त नेहमीची सेवा. आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं 34 मृत्यू, तुलनेच्या गटात 64. हा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज जगभर एचपीव्ही चाचणीला जे प्राधान्य दिलं जातं, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत त्याची गणना होते. एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी या आणि अशाच इतर भारतीय चाचण्यांमधल्या तुलनेच्या गटांवर कठोर आक्षेप घेतले. चाचणीच्या बाजूचं उत्तर असं, की तपासणी तशीही कुणालाच मिळत नव्हती. पुरावा मिळाला तर सरकार ती देईल.

पुरावा मिळाला. पुढे 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या भरल्या 1.9 टक्के. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. निष्कर्ष हाती आल्यावर तो त्याच गावांपर्यंत कोण, कधी आणि कुणाच्या पैशानं पोचवणार, याचा लेखी करार आधी झाल्याशिवाय अशा तुलनेच्या गटाला कुठल्याही समितीनं मंजुरी देऊ नये. ‘सरकार देईल’ हे आश्वासन धरता येत नाही.

आमच्या समितीत मी एक मागणी लावून धरली आहे: संमतीपत्रात सहीच्या वर दोन मोकळ्या ओळी ठेवाव्यात आणि सहभागी व्यक्तीनं कोणता प्रश्न विचारला हे तिथे तिच्या शब्दांत लिहावं आणि तिला काय उत्तर मिळालं तेही लिहावं. शंभर संमतीपत्रांत त्या ओळी कोऱ्या असतील, तर समितीनं संशोधकांना बोलावून घ्यावं. काही सहकाऱ्यांना हे वेळखाऊ वाटतं. वेळ जाईल, हे मला मान्य आहे.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरातल्या कुणाला रुग्णालयात संशोधनात सहभागी व्हायला सांगितलं, तर लगेच सही करू नका. संमतीपत्र घरी न्यायला मागा, त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा, तो तुमचा हक्क आहे. नाही म्हटलं तर उपचारात फरक पडणार नाही ना, संशोधन संपल्यावर ते औषध मला मिळणार का, हे विचारा. भारतातल्या औषधचाचण्यांची नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे आणि ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. संमतीपत्राच्या शेवटी नैतिकता समितीचा फोन नंबर असतो. तो रुग्णांसाठीच दिलेला असतो. त्यावर फोन करा.