परशुरामच्या डोंगरावरचा खांब

रविवारपासून चार जणांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच : "डोंगरावरचा तो वायरलेसचा खांब काढताय असं ऐकलं, खरं का?" एकाने तर सरळ विचारलं, "पैसे संपले की भांडणं झाली?" दोन्ही नाही. खांब काढतोय हे खरं, पण दुसरीकडे उभा करायला. त्यानिमित्ताने तो मुळात उभा का केला, हेही एकदा लिहून टाकतो. आजवर मी ते अर्धंच सांगितलंय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

२२ जुलै २०२१. चिपळूणकरांना तारखेपुढे काही सांगायला नको. पहाटे बाजारपेठेत पाणी शिरलं, उजाडेपर्यंत तळमजले गेले. मी थोड्या उंचावर राहतो, घर कोरडं. हातात मोबाईल आणि अंगात बातमीदाराचं भूत. सकाळपासून धडाधड पोस्टी टाकत होतो. चिंचनाक्यावर एवढं पाणी, वडनाक्याला एवढं, अमुक पूल बंद. मुंबई-पुण्यातले चाकरमानी माझ्या वॉलवर डोळे लावून बसले होते. त्या दिवशी जेवढे शेअर झाले तेवढे पुन्हा कधी झाले नाहीत, आणि होऊही नयेत.

दहाच्या आसपास भिजलेला एक पोरगा भेटला. म्हणाला, "दादा, मुरादपूरची आमच्या मागची गल्ली पूर्ण रिकामी केली. सगळे बाहेर." मी टाकलं : "अमुक गल्ली रिकामी, सर्व रहिवासी सुखरूप." दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. पत्रकारितेच्या पदविकेत पहिल्या महिन्यात शिकवतात, एका तोंडची बातमी ही बातमी नसते. पोस्ट गेली आणि पंधरा-वीस मिनिटांत माझी रेंज गेली.

दुपारी तीनच्या सुमारास कळलं की त्या गल्लीत एक म्हातारं जोडपं पोटमाळ्यावर अडकलंय. माझ्यापासून अंतर फार तर सहाशे मीटर. मध्ये पाणी. मी हातातला फोन बघत राहिलो. चुकीची बातमी तीन सेकंदांत दिली होती, ती मागे घ्यायची सोय नव्हती. त्यांचा मुलगा पुण्यात. सकाळपासून तो एका बोटवाल्या ओळखीच्या माणसाच्या मागे लागला होता. माझी पोस्ट वाचली आणि त्याने निरोप दिला, "आता राहू दे, आईबाबा निघालेत, दुसरीकडे जा."

दुसऱ्या दिवशी त्यांना उतरवलं. काकांना साखरेचा आजार, पायाला पत्रा लागलेला, तीस तास त्या घाण पाण्यात बसून. ऑगस्टमध्ये ते गेले. कागदावर कारण वेगळं आहे आणि डॉक्टरांचं म्हणणं तेच बरोबर असेल. तेराव्याला मी गेलो. मुलगा काही बोलला नाही. पाण्याचा तांब्या आणून दिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

तर खांबाची गोष्ट तिथून सुरू होते. लोकांना मी आजवर "आपत्ती व्यवस्थापनासाठी" एवढंच सांगत आलो.

पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे आहेत. नाव लिहिलं तर रागावतील. त्यांच्याकडे जाऊन रडगाणं गायलो. ते म्हणाले, "मोबाईलचा टॉवर म्हणजे काय वाटलं तुला? खाली लाईट पाहिजे, लाईट गेली तर बॅटरी, बॅटरी संपली तर जनरेटर, जनरेटरला डिझेल. आणि डिझेल आणणारा माणूस पाण्यापलीकडे." मी म्हटलं, मग तुमच्या खात्याचा वायरलेस? "तो खात्यासाठी. तू कोण?"

त्यांनीच हॅम रेडिओची वाट दाखवली. हौशी रेडिओ. नाव हौशी आहे, पण काम बघा. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, २००१ ला भूजचा, तेव्हा ही मंडळी आपापले सेट घेऊन निरोप पोचवत होती. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद नावाच्या बाई आपल्या चमूबरोबर पोर्ट ब्लेअरला होत्या. गेल्या होत्या हौसेनेच, अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायला. त्सुनामी आली, आणि तोच सेट बेटांवरच्या लोकांची खबर बाहेर पोचवायला लागला.

आता आपली अडचण. चिपळूण म्हणजे परात. मध्ये वाशिष्ठी आणि शिव नदी, भोवती डोंगर. हातातल्या वॉकीटॉकीची ताकद पाच वॉट, आणि त्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. बाजारपेठेतून गोवळकोटला कसंबसं ऐकू येईल, डोंगरामागच्या वाडीला नाही. म्हणून रिपीटर. काकांची व्याख्या अशी : "गडावर एक माणूस उभा कर. खालचा जे बोलेल ते त्याने त्याच क्षणी मोठ्याने ओरडायचं, म्हणजे पलीकडच्या खोऱ्यातही जाईल." रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. आमच्या बँडमध्ये, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, दोन्हींत फरक फक्त ६०० किलोहर्ट्झचा. आता जो माणूस ओरडतोय त्यालाच कुजबुज ऐकायचीय, तीही त्याच अँटेनावरून. त्यासाठी डुप्लेक्सर लागतो. दुधाच्या लांब किटल्या ओळीने ठेवल्यासारखा दिसतो. तो जुळवायला मुंबईहून एक हॅम आले, दोन दिवस राहिले, माशांच्या जेवणाखेरीज एक पैसा घेतला नाही.

पण त्याआधी कागद. परवान्याशिवाय असला सेट चालवणं गुन्हा आहे, हे पुन्हा ठळक सांगतो, कारण पुरानंतर कित्येकांनी ऑनलाईन स्वस्तातले वॉकीटॉकी मागवून ठेवलेत. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर नियमावलीच काढली. ४४६ मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॉटचे छोटे सेट विनापरवाना चालतात, पण ते मुलांना जत्रेत हरवू न देण्यापुरते. आमच्या कामाला परीक्षा द्यावी लागते. वयाची अट बारा वर्षं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सची कटकट नाही. रेडिओचं तंत्र आणि नियम, एवढाच अभ्यास. मी चाळिशीत ओहमचा नियम पाठ केला. माझी मुलगी उत्तरपत्रिका तपासायची आणि हसायची. पास झालो. मग पोलीस पडताळणी, मग परवाना, मग कॉलसाइन. व्हीयू थ्रीने सुरू होणारं ते नाव हातात पडलं, तेव्हा पहिली बायलाईन छापून आली होती तसा आनंद झाला. रिपीटरची परवानगी वेगळी. त्या फायलीचा प्रवास लिहायचा तर आणखी एक पोस्ट लागेल. एका कार्यालयात ती सात महिने होती. एवढ्या दिवसांत तिला तिथे ओळखीचं कुणीतरी झालं असेल.

खांब म्हणजे काय, चाळीस फुटी जीआय पाईप. परशुरामच्या वरच्या अंगाला एका भल्या गृहस्थांनी त्यांच्या कलमांच्या बागेत जागा दिली, भाडं नाही, "फक्त माझ्या हापूसच्या फांदीला हात लावू नका." खाली काँक्रीट, तीन दिशांना ताण. अँटेना, केबल, बॅटऱ्या, डुप्लेक्सर धरून खर्च सव्वा लाखाच्या घरात गेला. यातला अर्ध्याहून जास्त पैसा मुंबईतल्या आपल्या लोकांनी शंभर-दोनशे करत पाठवला. एका नेत्याने पूर्ण खर्च द्यायची तयारी दाखवली होती, खांबावर फोटोचा फलक लावायच्या अटीवर. काका म्हणाले, फलकाला वारा लागतो, खांब पडेल. तांत्रिक कारण असलं की किती बरं असतं.

पहिल्या पावसात शिकलो ते असं. कोकणातलं पाणी केबलच्या जोडात शिरतंच, साधी काळी टेप लावून भागत नाही. जुलैत सोलर पॅनेल म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, आठ-आठ दिवस ऊन नाही. आमचा रिपीटर गप्प असला तरी अर्धा अँपिअर खातो, बोलायला लागला की सहा. दिवसाला दोन तास बोलला तर तेवीस अँपिअर-तास झाले. बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे शंभराच्या दोन बॅटऱ्यांवर जेमतेम चार दिवस. आणि वांदर! दोनदा केबल कुरतडली. मे महिन्यातल्या विजेने एकदा रिसीव्हर उडवला, तेव्हा अर्थिंगचा खड्डा पुन्हा खणला.

गावातल्या शंकाही ऐकल्या. "याने कॅन्सर होतो का?" पंचवीस वॉटचं यंत्र आहे, चाळीस फुटांवर, आणि दिवसातला बराच वेळ मुकं असतं. "आमचे टेम्पोवाले वापरतील का?" नाही. धंद्यासाठी वापरता येत नाही, नियमच आहे. एरवी तिसऱ्याचे निरोपही चालवता येत नाहीत; आपत्तीत ती मुभा आहे. यावर एक दुकानदार मित्र फार चिडला. "मी हजार रुपये दिले ते कशाला? वर्षभर तुम्ही एकमेकांना हवामान सांगायला?" त्याचा राग मला पटतो. दर रविवारी रात्री आठला आम्ही अकरा जण हजेरी लावतो, आणि खरोखर हवामानच सांगतो. पण हजेरी लावली नाही तर कुणाची बॅटरी मेली, कुणाचा सेट कपाटात बुरसला, हे त्या रात्री कळेल.

ती रात्र गेल्या पावसाळ्यात थोडीशी येऊन गेली. लाईट गेली, मागोमाग रेंज. अकरा वाजता बाजारपेठेत बोंब उठली, "वरून पाणी सोडलंय, दोन तासांत पेठमाप बुडणार." माणसं अंधारात सामान ओढायला लागली. एक म्हातारी जिन्यावर पडली. मी सेट उचलला. नदीकाठी राहणाऱ्या आमच्या शिक्षक सभासदाला विचारलं. तो बॅटरी घेऊन खुणेच्या दगडापाशी गेला. "पाणी वाढत नाहीय. ओहोटी लागलीय, चार बोटं उतरलंय. ओव्हर." गोवळकोटच्या पोराला विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. खेर्डीच्या बाजूच्या ताईंनीही. धरणाचं काय, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. नदी या घडीला उतरतेय, एवढं तीन जणांनी डोळ्यांनी बघून सांगितलंय, असं चौकात ओरडून सांगितलं, आणि दर अर्ध्या तासाने सांगत राहिलो. पहाटे चारपर्यंत.

२०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळून सरकारी इशाऱ्याची चाचणी झाली होती, आठवतं? चांगलीच सोय आहे ती. पण तिला "कुठली गल्ली?" असं उलट विचारता येत नाही. आणि टॉवर बंद पडला की तीही मुकी.

आता खांब का हलवतोय. बागेचे मालक गेले. मुलांमध्ये वाटण्या झाल्या, तो तुकडा विकायचा ठरलाय. पोरं चांगली आहेत, पावसाळा होईपर्यंत थांबा म्हणाली होती, थांबलो. त्यांच्यावर कुणी काही बोलू नये. एका सार्वजनिक इमारतीच्या गच्चीसाठी अर्ज केला होता, त्याला उत्तर आलेलं नाही. मी स्मरणपत्रं देणं थांबवलेलं नाही. तोवर डोंगराच्या पलीकडच्या कडेला एका शेतकरी दादांनी दहा बाय दहाची जागा दाखवलीय. तिथून बाजारपेठ आणि गोवळकोट स्वच्छ ऐकू येतं, सेट घेऊन तपासलंय. पण मुरादपूरच्या त्याच गल्लीत आवाज तुटतो. बरोबर त्याच. काका म्हणतात, खांब आणखी वीस फूट वाढवला तर होईल. त्या उंचीला मंजुरीचा आणखी एक कागद लागेल आणि पाईप जाड घ्यावा लागेल. दुसरा उपाय म्हणजे गल्लीच्या तोंडाशी उंच घरात एक परवानाधारक माणूस.

यासाठी पुण्यातून एक फोन आला. तोच मुलगा. आईला तिकडे नेल्यापासून घर बंद होतं, आता तो महिन्यातून दोनदा येतो. म्हणाला, "वरचा मजला बांधतोय. अँटेना गच्चीवर लावा. परीक्षेचं पुस्तक कुठे मिळतं?" आम्ही त्या पोस्टबद्दल तेव्हाही बोललो नाही. मी पुस्तक कुरियर केलंय.

तर शनिवारी सकाळी सातला जुना खांब उतरवायला सुरुवात करतोय. तीन ताण एकाच वेळी ढिले करावे लागतात, दोरीवर किमान सहा माणसं पाहिजेत. चार आहेत. हातमोजे आणि पायात बूट असू द्या, चपला घालून येऊ नका, उतारावर शेवाळ आहे. नाश्ता माझ्याकडे. आणि हापूसच्या फांदीला हात लावायचा नाही.