थांबण्याचे अंतर

थांबणे आपल्या हाती आहे, असे प्रत्येक वाहनचालकास वाटत असते. आमचाही कित्येक वर्षे तोच समज होता. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, पारोळ्याच्या अलीकडे तो गळून पडला.

कापूस वेचणीचे दिवस होते. जळगावहून धुळ्याकडे आम्ही जीपने निघालो होतो. मिस्सेला उशीर होईल म्हणून काटा 80 वर नेला होता. अंधारात एकाएकी कापसाने भरलेली बैलगाडी पुढे दिसली. मागे दिवा नव्हता, आणि कापसावर एक मूल निजले होते. आम्ही ब्रेकवर सारा भार टाकला, तरी जीप थांबेना. अखेर चाक वळवून ती शेतात घातली, तेव्हा थांबली. म्हातारा गाडीवान खाली उतरला. आमच्या पांढऱ्या झग्याकडे पाहत तो एवढेच म्हणाला, "इतली कसानी घाई शे, बाबा?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

रात्री आम्ही हिशेब मांडला. दिव्यांच्या उजेडात बैलगाडी फार तर 45 मीटरवर दिसली असावी. ताशी 80 किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला 22 मीटर धावते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच. तेवढे अंतर ब्रेकविनाच सरते. पुढे कोरड्या डांबरावर चांगले ब्रेकही सुमारे 35 मीटर घेतात. एकूण 57 मीटर झाले. वेग 60 असता, तर 17 आणि 20 मिळून 37 मीटर पुरले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, हे आम्ही शाळेत पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र त्या रात्री कळला.

आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मुंबई-आग्रा महामार्गावर तीस वर्षे मालट्रक चालविला. आमची हकीकत ऐकून ते म्हणाले, "फादर, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा." त्यामागेही शास्त्र आहे. गतीची ऊर्जा नाहीशी होत नाही. ब्रेक तिची उष्णता करतो. 30 टनांचा ट्रक 100 मीटर उंची उतरला, तर 100 लिटर पाणी उकळीस यावे एवढी उष्णता निर्माण होते. ती सारी ब्रेकवर पडली, तर ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड जाते आणि पाय तळाला टेकला तरी चाके आवरत नाहीत. खालच्या गिअरमध्ये इंजिन या भाराचा वाटा उचलते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल केली, की हा साहाय्यक गमावला.

4 जुलै 2023 रोजी याच महामार्गावर, शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे, ब्रेक निकामी झालेला कंटेनर पुढील वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान दहा माणसे दगावली. त्यांतील काही तर बसची वाट पाहत उभी होती.

22 जानेवारी 2025 रोजी पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे या स्थानकांदरम्यान, आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसची साखळी ओढली गेली. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. तिच्या चालकाने ब्रेक लावले होते; परंतु मार्गाला वळण होते. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड रबरी टायरहून पुष्कळ कमी असते. भरवेगातील गाडीला थांबण्यास अर्धा-पाऊण किलोमीटरही लागतो. किमान बारा जीव गेले.

त्या चालकाने थांबण्याची शिकस्त केली, पण अंतर उरले नव्हते. पारोळ्याला आम्हांपाशीही ते उरले नव्हते. फरक इतकाच, की आमचे अंतर आम्हीच घाईपायी खर्च करून टाकले होते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी वेदीवरून आम्ही पुष्कळ बोललो आहोत. तो शेजारी रात्रीच्या रस्त्यावर दिव्याविना चालला असेल, याचा विचार आम्ही केला नव्हता.

आता त्या गावची सायंकाळची मिस्सा आम्ही अर्ध्या तासाने उशिरा ठेवली आहे. लोक प्रथम कुरकुरले, मग रुळले. रात्री आमचा काटा 60 च्या पुढे जात नाही. कधी पाय अनावर झालाच, तर ते मूल आठवते. एवढे सारे घडले, तरी ते जागे झाले नव्हते.