दायमाबादचा रथ

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना एका भिल्ल कष्टकऱ्याला तेथे धातूची चार शिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा. वजन ६० किलोंहून अधिक! भंगारात गेली असती तर इतिहासच वितळला असता. तरी ती कोणत्या थरात होती, हे न कळल्याने त्यांच्या काळाचा वाद मिटलेला नाही.

येथे उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांनी पुढे गोव्यात सागरी पुरातत्त्वाचे काम उभारले. बुडालेल्या जहाजातील भांडी तर बाहेर काढताच वाळवतही नाहीत. मुरलेले मीठ गोड्या पाण्यात उतरवतात, नाहीतर ती तडकतात.

वाचकहो, कुदळीला जुनी वस्तू लागली तर चिंचेने घासू नका. जागा न हलवता जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. इतिहास प्रथम कष्टकऱ्याच्याच हाती येतो. तो जपणेही त्याच्याच हाती आहे.